रोहित्राचा इशारा



भोपाळ शहराच्या आग्नेय अंगास बाग सेवनिया नावाची वस्ती आहे. नावात बाग असली, तरी परगावच्या माणसास तेथे गेल्यावर प्रथम आठवण होते ती शेजारच्या वीजयंत्रांच्या कारखान्याची. हेवी इलेक्ट्रिकल्स या नावाने 1956 साली स्थापन झालेल्या कंपनीचा हा कारखाना पंडित नेहरूंनी 6 नोव्हेंबर 1960 रोजी राष्ट्रास अर्पण केला. पुढे 1974 साली ती कंपनी भारत हेवी इलेक्ट्रिकल्समध्ये, म्हणजे ज्याला सारे जण 'भेल' म्हणतात तीत, विलीन झाली. घराएवढी उंच रोहित्रे येथे तयार होतात आणि देशभर जातात. अशा शेजारात राहणाऱ्या माणसांशी विजेविषयी बोलताना फार विचार करून बोलावे लागते. कारण चहाच्या टपरीवर बाकावर बसलेला म्हातारा गृहस्थ आयुष्यभर वेटोळी गुंडाळीत आलेला असण्याचा संभव असतो.

असेच एक वृद्ध फिटर माझे शेजारी होते. मूळचे वर्ध्याकडचे. मी त्यांना काका म्हणत असे आणि ते मला, मी कितीही सांगितले तरी, साहेब म्हणत. एकदा रोहित्रांच्या अपघातांचा विषय निघाला असता ते म्हणाले, "साहेब, रोहित्र न सांगता कधी जात नाही. ते सांगते. आपण तेव्हा हजेरीपटावर सही करण्याच्या घाईत असतो." थोडे अपवाद सोडल्यास हे विधान किती खरे आहे, हेच आज आपणांस सांगावयाचे आहे.

रोहित्र म्हणजे ट्रान्सफॉर्मर. आपल्या खेड्यांत ज्याला 'डी.पी.' म्हणतात, त्या खांबावरील पेटीत वा चौथऱ्यावर बसविलेले यंत्र. त्याची रचना मोठी साधी आहे. पोलादी पत्र्यांच्या चळतीभोवती तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात. एकात उलटसुलट वाहणारी वीज सोडली की दुसऱ्यात ती वेगळ्या दाबाने प्रकट होते. हे तत्त्व मायकेल फॅरडे याने 1831 साली दाखवून दिले. यात फिरणारा असा भाग जवळजवळ नाही, आणि माझ्या मते हेच त्याचे दुर्दैव आहे. मोटार खडखडते, पंप गळतो, पट्टा तुटतो; त्यांच्याकडे लक्ष द्यावेच लागते. रोहित्र मात्र कारखान्याच्या कुंपणाशी एका सुरात गुणगुणत उभे असते. वीस-वीस वर्षे ते उभे असते, म्हणून ते नेहमीच उभे राहील असे आपण धरून चालतो.

वेटोळ्यांवर कागदाचे वेष्टन असते आणि हे सारे एका पोलादी टाकीत तेलामध्ये बुडविलेले असते. हे तेल आतील उष्णता बाहेर वाहून नेते आणि विजेस अडवूनही धरते. चांगल्या कोरड्या तेलाची परीक्षा घेतली, तर अवघ्या अडीच मिलिमीटरच्या फटीत ते तीस हजार व्होल्टहून अधिक दाब सहन करते. परंतु त्यात पाण्याचा अंश शिरला की ही शक्ती झपाट्याने ओसरते. त्यासाठी पाण्याची घागर ओतावी लागत नाही. दिवसा भार वाढला की तेल तापते व फुगते, रात्री निवते व आकसते. आणि आकसताना बाहेरची हवा आत ओढून घेते. थोडक्यात, रोहित्र श्वास घेते. मे महिन्यात चाळीस अंशांवर तापलेले भोपाळ आणि जुलैत धो धो भिजणारे भोपाळ ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हा श्वास किती दमट असेल, याची कल्पना येईल. म्हणून श्वासाच्या वाटेवर काचेच्या नळीत सिलिका जेलचे दाणे ठेवतात. कोरडे असताना ते निळे असतात, ओल शोषून भरले की गुलाबी होतात. अलीकडे नारिंगीचे हिरवे होणारे दाणेही मिळतात. ज्याला अक्षरओळख नाही, अशा माणसासही वाचता येईल असा हा इशारा आहे.

दुसरा इशारा उष्णतेचा. सोसवेल त्याहून वरचे तापमान सहा ते दहा अंशांनी वाढले की आतील कागदाचे आयुष्य जवळजवळ निम्मे होते, असा अनुभवसिद्ध नियम आहे. नवी भट्टी बसविताना वा आणखी चार यंत्रे जोडताना रोहित्राची शक्ती किती, हे पाहण्याची तसदी घेतली जात नाही. त्याचे फळ त्या दिवशी दिसत नाही. पाच वर्षांनी दिसते, आणि तोवर यंत्रे जोडणारा अधिकारी बढती मिळून अन्यत्र गेलेला असतो.

तिसरा इशारा सर्वांत स्पष्ट. माक्स बुकहोल्झ या जर्मन अभियंत्याने 1921 साली योजलेले एक साधे उपकरण मोठ्या रोहित्राची टाकी आणि वरचा तेलाचा पिंप यांना जोडणाऱ्या नळीत बसविलेले असते. आत कोठे ठिणगी पडू लागली वा एखादा भाग फाजील तापला की तेलाचे विघटन होऊन वायूचे बुडबुडे निघतात. ते या उपकरणात साठतात, तरंगता गोळा खाली येतो आणि घंटा वाजते. दोष एकाएकी मोठा झाला, तर तेलाच्या लोंढ्याने दुसरा गोळा ढकलला जातो आणि वीज आपोआप तुटते. साठलेल्या वायूची परीक्षा केली की आत काय चालले आहे, हे टाकी न उघडता कळते. तेलात ॲसिटिलीन सापडले, तर आत वीज ठिणगीच्या रूपाने उडी मारीत आहे, असे जाणकार समजतात.

आता माझ्या डोळ्यांसमोर घडलेली एक गोष्ट सांगतो. कारखान्याचे नाव सांगत नाही. ते सांगून आता कोणाचेच भले होणार नाही. पावसाळ्याचे दिवस होते. तेथल्या नोंदवहीत दर पाळीला सिलिका जेलचा रंग लिहावयाचा असे. महिनाभर प्रत्येक ओळीत 'निळा' असे लिहिलेले होते. मी जाऊन पाहिले, तो दाणे गुलाबीही राहिले नव्हते, पांढुरके पडले होते. परिचराला विचारले. तो खाली मान घालून म्हणाला, "वरची ओळ पाहून खालची लिहितो, साहेब. पहिल्यांदा गुलाबी लिहिले होते, तर बोलणी खाल्ली." दाणे बदलावयास सांगून मी परतलो. आणखी काही करावयास हवे होते, हे मला नंतर समजले. आठ-दहा दिवसांनी रात्रपाळीत बुकहोल्झची घंटा वाजली. पर्यवेक्षकाने ती बंद करावयास सांगितली. भट्टीत माल होता. वीज तोडली असती तर तो सारा वाया जाता. तासाभराने घंटा पुन्हा वाजली. तेव्हा ठेकेदाराकडील एका मदतनिसास विजेरी देऊन तेलाची पातळी पाहण्यास पाठविले. तो शिडीजवळ असतानाच वरचे चिनी मातीचे बुशिंग फुटले. तुकडे आणि जळते तेल त्याच्या अंगावर आले. मुलगा वाचला. उजवा हात कोपरापासून पुढे पुन्हा सरळ झाला नाही. चौकशीच्या कागदात कारण लिहिले होते: 'यंत्राचा आकस्मिक बिघाड'.

'आकस्मिक' या शब्दावर माझा तेव्हापासून राग आहे. आणि हे केवळ आपल्याकडेच घडते असे नव्हे. 20 मार्च 2025 च्या रात्री लंडनच्या पश्चिमेस नॉर्थ हाइड येथील वीज उपकेंद्रात एक प्रचंड रोहित्र पेटले आणि दुसऱ्या दिवशी हीथ्रोसारखा जगातील अतिशय वर्दळीचा विमानतळ बंद ठेवावा लागला. त्याच वर्षी जुलैमध्ये चौकशीचा अहवाल प्रसिद्ध झाला. एका बुशिंगमध्ये शिरलेली ओल हे बहुधा मूळ कारण, असे त्यात म्हटले आहे. आणि तेलाच्या नमुन्यात ओलीचे प्रमाण वाढलेले जुलै 2018 मध्येच आढळले होते! सुमारे पावणेसात वर्षे तो कागद कोठे तरी होता. जेथे साधनांची वाण नाही, शिक्षणाची वाण नाही, तेथेही वाचलेले आणि केलेले यांत इतके अंतर पडू शकते.

भोपाळमध्ये बसून हा विषय काढला की 1984 ची आठवण टाळता येत नाही. 2 आणि 3 डिसेंबरच्या मधल्या रात्री जे झाले, ते विजेमुळे झाले नाही. परंतु तेथेही एका टाकीत पाणी शिरले होते. तेथेही शीतकरणाची यंत्रणा काही महिन्यांपूर्वीच बंद करण्यात आली होती आणि वायू जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीसाठी निकामी होता. धोका एकदम आलेला नव्हता, टप्प्याटप्प्याने आलेला होता. या गावातील कामगार घंटेचा आवाज ऐकून हातातले काम टाकतो, याचे बाहेरच्यांना कधी कधी हसू येते. मला येत नाही.

अपघात झाल्यानंतरचा धोका निराळा, आणि तो अधिक फसवा. उत्तराखंडात चमोली येथे 19 जुलै 2023 रोजी अलकनंदेच्या काठावरील सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात 16 माणसे मृत्यू पावली. प्रारंभीच्या बातम्यांत रोहित्राचा स्फोट असे सांगितले गेले. रात्री एकाचा मृत्यू झाला होता. सकाळी पंचनाम्यासाठी पोलीस व गावकरी जमले, आणि तेवढ्यात वीज पुन्हा तेथल्या लोखंडी कठड्यांत उतरली. जमलेल्यांपैकी बहुतेक जण मदतीच्याच बुद्धीने आले होते. वीज दोन्ही बाजूंनी तोडली आहे, कोणी ती पुन्हा जोडणार नाही आणि तारा जमिनीशी जोडल्या आहेत, याची खात्री होईपर्यंत जळालेल्या रोहित्राजवळ, त्याच्या कुंपणाजवळ वा लोखंडी जिन्याजवळ कोणीही जाऊ नये, हे किती निष्ठुर वाटले तरी सांगितलेच पाहिजे.

'दोन्ही बाजूंनी' असे मी मुद्दाम म्हटले. रोहित्र हे दुतोंडी यंत्र आहे. अकरा हजार व्होल्टची वीज उतरवून चारशेच्या घरात आणते, त्याचप्रमाणे उलट बाजूने चारशे व्होल्ट दिले तर तेच यंत्र अकरा हजार तयार करते. वीज गेली म्हणून कारखान्यातील कोणी डिझेल जनित्र सुरू केले आणि मधला खटका नीट पडला नाही, तर बाहेर 'मेलेल्या' तारेवर काम करणाऱ्या लाइनमनच्या हातात ती तार जिवंत होते. म्हणूनच जुने लोक 'लाइन क्लिअर'च्या चिठ्ठीला इतके जपत. खटका उघडावयाचा, त्यास कुलूप घालावयाचे, किल्ली काम करणाराच्या खिशात. मग तारेत वीज नाही हे साधनाने तपासावयाचे, मग दांडीने ती जमिनीशी जोडावयाची, आणि त्यानंतरच हात लावावयाचा. चिठ्ठी ज्याने घेतली त्यानेच परत करावयाची. दूरध्वनीवरून नव्हे, निरोपावरून तर नव्हेच. ठेकेदाराची माणसे रोज बदलतात आणि अपघात बहुशः अशाच माणसांच्या वाट्यास येतात. कायम कामगारास ही शिस्त अंगवळणी पडलेली असते. काल आलेल्या मुलास ती कोणी सांगितलेलीच नसते.

जाता जाता खडीविषयी दोन शब्द. रोहित्राखाली पसरलेली खडी शोभेसाठी नसते. गळालेले पेटते तेल तिच्यातून खाली जाताना निवते, ज्वाळा दबते. शिवाय जमिनीत वीज उतरली तर पायाखालची कोरडी खडी माणसास थोडाफार आधार देते. 2,000 लिटरहून अधिक तेल असलेल्या उपकरणांखाली तेल शोषणारा खड्डा असावा, असे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2010 च्या नियमांत होते. 2023 साली नवे नियम आले. प्रत्यक्षात मी कित्येक ठिकाणी त्या खडीत गवत कमरेएवढे वाढलेले पाहिले आहे, आणि एके ठिकाणी तर तेथे साहेबांची मोटार सावलीला उभी असे.

पुन्हा त्या रात्रपाळीच्या कारखान्याकडे येतो. त्या मुलाचा हात गेल्यावर तेथे एक बदल झाला. बुकहोल्झची घंटा वाजली तर भार काढून टाकण्याचा अधिकार पाळीवरच्या परिचरासच देण्यात आला. कोणास विचारण्याची गरज नाही. काकांना हे सांगितले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "पाहू, पहिल्यांदा वापरल्यावर काय होते ते." पहिला प्रसंग चार महिन्यांनी आला. घंटा वाजली, परिचराने वीज तोडली, भट्टी थंडावली. तपासणी केली तो उपकरणात साधी हवा निघाली. दोन दिवसांपूर्वी तेल गाळून भरताना राहिलेली. दोन तासांचे उत्पादन बुडाले. परिचर व्यवस्थापकांच्या खोलीबाहेर घाबरून उभा होता. व्यवस्थापकांनी त्याला आत बोलावून नोंदवही मागितली, त्याने लिहिलेली ओळ वाचली, खाली स्वतःची सही केली आणि त्याला पाळीवर परत पाठविले.