ओझें आणि उडी

प्राचीन ग्रीस देशांतील ऑलिंपिक सामन्यांत लांब उडी मारणारा स्पर्धक रिकाम्या हातांनीं उडी घेत नसे. त्याच्या दोन्ही हातांत दगडाचीं अथवा धातूचीं वजनें असत. त्यांस 'हाल्टेरेस' म्हणत. ओझें घेतलें असतां उडी लांबते, हें प्रथमदर्शनीं विपरीत वाटतें. परंतु २००२ सालीं मिनेत्ती व आर्दिगो या संशोधकांनीं 'नेचर' या नियतकालिकांत असें दाखविलें कीं, सुमारें ३ किलोंच्या वजनांमुळें ३ मीटरांची उडी निदान १७ सेंटिमीटरांनीं वाढूं शकते. तेव्हां ग्रीकांची समजूत केवळ भाबडी नव्हती.

आजचा खेळाडू वजनाचा उपयोग उडीच्या वेळीं नव्हे, तर उडीपूर्वीं अंग तापवितांना करतो. कोणी वजनदार जाकीट घालून धांवतो, तर कोणी खांद्यावर भार घेऊन बैठका काढतो. मग भार उतरवून तो उडी घेतो. भार उतरल्यावर अंग हलकें वाटतें, हा मनाचा अनुभव झाला. परंतु स्नायूंतहि खरोखर कांहीं घडतें. जोरदार आकुंचनानंतर स्नायूंतील मायोसिन या प्रथिनावर रासायनिक बदल होतो, आणि कॅल्शियमच्या पूर्वींच्याच इशाऱ्यास स्नायु अधिक बळानें उत्तर देतो.

मात्र त्याच श्रमांतून थकवाहि जन्मतो. उत्तेजना आणि थकवा हीं एकाच आईचीं जुळीं मुलें होत. आरंभीं थकवा वरचढ असतो. तो ओसरल्यावर उत्तेजनेचें फळ हातीं येतें. म्हणूनच जड बैठकांनंतर सामान्यतः पांच ते दहा मिनिटें थांबावें लागतें. फार थांबल्यास उत्तेजनाहि विझते. शिवाय ज्याचे स्नायु मुळांत बळकट आहेत त्यास हा लाभ अधिक. नवशिक्याच्या वांट्यास बहुधा थकवाच येतो.

वजनाचें प्रमाण किती असावें? २००६ सालीं अमेरिकेंतील शाळकरी मुलींवर झालेला एक प्रयोग येथें उद्बोधक आहे. एका जागीं राहून स्नायु ताणल्यानंतर त्यांच्या उड्या तोकड्या पडल्या. शरीराच्या वजनाच्या २ टक्के भाराचें जाकीट घालून चपळ हालचाली केल्यावर उड्या त्याहून सरस ठरल्या. भार ६ टक्के करतांच तसा निश्चित लाभ दिसला नाहीं. ५० किलो वजनाच्या मुलीस २ टक्के म्हणजे अवघा १ किलो!

या आंकड्यांतील बोध पालकांनीं व शिक्षकांनीं ध्यानांत घ्यावा. सामन्याच्या दिवशीं मुलाच्या पायांस वाळूच्या पिशव्या बांधून, तो धापा टाकीपर्यंत त्यास उड्या मारावयास लावणारा हितचिंतक त्याचें बळ वाढवीत नाहीं, तें खर्च करतो. उंचावरून जमिनीवर येतांना गुडघ्यांवर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो. वाढत्या वयांत त्यांत आणखी भर घालणें सुज्ञपणाचें नव्हे.

ज्यास आपल्यापुरता निर्णय करावयाचा आहे, त्यानें बोटांस खडू लावून भिंतीशीं उंच उडी मारावी व खूण करावी. निरनिराळ्या दिवशीं भारासह व भाराविना तयारी करून खुणांची तुलना करावी. खूण वर गेली नाहीं तर भार खुशाल खालीं ठेवावा. ओझें उचलण्यापेक्षां तें योग्य वेळीं उतरवून स्वस्थ बसण्यांतच या विद्येचें अर्धें मर्म आहे.