रेघ एकराची की पाण्याची?



कर्जमाफीचा विषय निघाला की पारावर दोन तट पडतात. एक म्हणतो, सरकारने तिजोरी उधळली. दुसरा म्हणतो, शेतकरी तगला. या भांडणात एक प्रश्न मागे राहतो. माफी कोणाला, ही रेघ कशावरून मारायची?

२९ फेब्रुवारी २००८ रोजी अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी साठ हजार कोटी रुपयांची योजना जाहीर केली. दोन हेक्टरपर्यंत, म्हणजे सुमारे पाच एकर जमीन असलेल्यांचे थकीत कर्ज पूर्ण माफ. त्याहून जास्त जमीन असेल, तर ७५ टक्के भरायचे आणि २५ टक्के सवलत घ्यायची.

ही रेघ आपल्या परभणी जिल्ह्यावर ठेवून पाहा. पाथरी-मानवत भागातून जायकवाडीचा डावा कालवा जातो. तिथे चार एकर ऊस करणारा 'लहान' ठरला. जिंतूरकडच्या माळावर सहा एकर कोरडवाहू कसणारा मात्र 'मोठा' ठरला! खरे तर सातबाऱ्यावर क्षेत्राबरोबर जलसिंचनाच्या साधनाचाही रकाना असतो. सरकारने पहिला रकाना वाचला, दुसरा सोडून दिला.

राजकारण पेटले ते इथेच. विदर्भ-मराठवाड्यात कोरडवाहू जमीन जास्त, म्हणून वगळलेल्यांची ओरडही इथेच मोठी. विरोधी शिवसेना-भाजपने सरसकट सातबारा कोरा करण्याची मागणी लावून धरली. सत्ताधारी तिजोरीकडे बोट दाखवत होते, आणि तेही खोटे नव्हते. सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेतील लेहमन ब्रदर्स कोसळली आणि मंदीची झळ आपल्याकडेही पोचली. तरीही निवडणुका तोंडावर असल्याने राज्याला वगळलेल्यांसाठी स्वतंत्र मदत द्यावी लागली.

एकराची रेघ सरकारला सोयीची असते. तलाठ्याचा उतारा पाहिला की काम झाले. पण तीही नीट पाळली गेली नाही. २०१३ मध्ये नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी निवडक खाती तपासली. ज्यांना लाभ मिळाला, त्यांतील साडेआठ टक्के खाती अपात्र निघाली. ज्यांना वगळले, त्यांतील तेरा टक्क्यांहून अधिक पात्र निघाली.

पुढे राज्याने एकराची अट सोडली. २०१७ मध्ये दीड लाख रुपयांची, तर २०१९ मध्ये दोन लाखांची मर्यादा ठरली. जिंतूरच्या शेतकऱ्यावरचा 'मोठा' हा शिक्का त्यामुळे पुसला गेला. पण रुपयाची रेघही विहिरीला पाणी आहे का, हे विचारत नाही.

पैसा कमी असतो, तेव्हा निवड करावीच लागते. सर्वांना सर्व काही देऊ, असे म्हणणारा विरोधक आणि पैसाच नाही, असे म्हणणारा सत्ताधारी, दोघेही ही निवड टाळतात. आपण दोघांनाही एवढेच विचारावे: बाबांनो, सातबाऱ्यावरचा तो दुसरा रकाना कधी वाचणार?