इंटरनेट तुटते, दोष कोठे?
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



शिकवण्या, बँकेचे व्यवहार, परदेशी असलेल्या लेकीशी बोलणे, आपल्यापैकी कित्येकींचे हे सारे आता घरच्या संगणकावर चालते. मध्येच इंटरनेट तुटले की काम अडते आणि दुरुस्तीवाल्याची वाट पाहावी लागते. परंतु निम्मा शोध आपल्याला घरीच घेता येतो.

प्रथम मोबाइलचा डेटा बंद करून तो वायफायवर चालतो का, ते पाहावे. दोन्ही एकदम बंद पडत असतील, तर दोष बहुधा राउटरात किंवा बाहेरच्या तारेत असतो. एकटा संगणकच अडत असेल, तर तो केबलने राउटरला जोडावा. केबलवर इंटरनेट टिकले, तर खोट वायफायची समजावी.

माझा संगणक २.४ गिगाहर्ट्झवर होता. मायक्रोवेव्ह भट्टीही त्याच पट्ट्यात चालते. दूध तापवायला ठेवले की माझी शिकवणी तुटे! संगणक ५ गिगाहर्ट्झवर घेतला नि तक्रार मिटली. मात्र या लहरी भिंतींपलीकडे कमी पोचतात, म्हणून राउटर जवळ हवा. विंडोजमध्ये वीज वाचविण्यासाठी वायफाय बंद करण्याची मुभा दिलेली असते, तीही काढून पाहावी.

एका वेळी एकच बदल करावा, आणि तुटण्याची वेळ वहीत टिपावी. ती वही पुढे ठेवली म्हणजे दुरुस्तीवाला आपले म्हणणे नीट ऐकून घेतो, आणि नको असलेल्या नव्या राउटरचा खर्चही टळतो.