परिचारिकेचे शिक्षण आणि आपली घरे

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



विद्यार्थ्यांच्या गुणगौरवाच्या या प्रसंगी दोन शब्द बोलण्याची आज्ञा चालकांनी आम्हांस केली, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. डॉक्टर, इंजिनिअर व अधिकारी होणाऱ्या मुलामुलींचे कौतुक या व्यासपीठावरून पुष्कळ झाले, आणि ते योग्यच झाले. परंतु परिचारिकेचे शिक्षण घेणाऱ्या आपल्या मुलींविषयी येथे कोणी बोलल्याचे आम्हांस स्मरत नाही. ती उणीव आज थोडीफार भरून काढावी, असा मानस आहे.

आमची पुतणी दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यात वाढली. बारावी कला शाखेतून उत्तीर्ण होऊन तिने जनरल नर्सिंगचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम धरला. त्या वेळी "पोरीने डी.एड. करावे, हा मार्ग आपल्या घराला शोभत नाही," असा सल्ला देणारे दुसरे कोणी नसून आम्हीच होतो, हे प्रथमच कबूल केलेले बरे.

पहिली अडचण आली ती भाषेची. शरीररचनेचे पुस्तक इंग्रजी, औषधांची नावे इंग्रजी. पहिल्या चाचणीनंतर तिने रडत फोन केला. आम्ही जुने मॅट्रिक. वैद्यकातले आम्हांस काय कळणार? परंतु समासाचा विग्रह जन्मभर शिकविला होता. टॅकी म्हणजे जलद, ब्रॅडी म्हणजे मंद, कार्डिया म्हणजे हृदय. असे शब्द फोडून पाहा, एवढेच सांगितले. पुढे ती आम्हांलाच शब्द फोडून दाखवू लागली.

दुसरी गोष्ट गणिताची. डॉक्टरांनी अडीचशे मिलिग्रॅम औषध लिहून दिले आणि कुपीत ५ मिलिलिटरमध्ये पाचशे मिलिग्रॅम आहे, तर सुईत किती घ्यावे? अडीच मिलिलिटर. हे आपले साधे त्रैराशिक होय. शाळेत ते चुकले तर दोन गुण जात. येथे चुकले तर माणूस जाईल. तेच गणित या मुलींना रात्रीच्या तिसऱ्या प्रहरी, डोळ्यांवर झोप असता, दोनदा पडताळून करावे लागते.

अभ्यास झाला की वॉर्ड. ताप व नाडी नोंदविणे, रक्तदाब मोजणे, चादरीला सुरकुती न ठेवता रुग्ण निजलेला असतानाच बिछाना बदलणे, शौचाचे भांडे देणे, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून ठरावीक वेळाने कूस पालटणे. पहिल्याच वर्षी एका वृद्धेचे तिच्या डोळ्यांदेखत देहावसान झाले. मोठ्या सिस्टरांसमवेत तिने तो देह पुसून स्वच्छ केला, केस विंचरले आणि मग नातेवाइकांच्या स्वाधीन केला. त्या दिवशी तिला अन्न गेले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ती पुन्हा कामावर हजर होती.

आम्ही विचारले, "बेटा, यात सर्वांत कठीण काय वाटते? रात्रपाळी की मरण?" ती म्हणाली, "मोठे बाबा, त्याची सवय होते. पण दिवाळीला घरी आले की आई शेजारणींना सांगते, पोरगी मेडिकलला आहे. मी काय शिकते हे लपवावे लागते, ते कठीण जाते."

बंधुभगिनींनो, हे ऐकून आमची मान खाली गेली. कारण विचारणाऱ्यांना आम्हीही "दवाखान्यात काही शिकते" एवढेच सांगत आलो होतो.

हा संकोच नवा नव्हे. पुण्यात १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली सेवासदनाचे कार्य सुरू झाले आणि पुढे तेथील स्त्रिया ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेऊ लागल्या. परक्या पुरुषाची व परजातीच्या माणसाची शुश्रूषा करणे तेव्हा घरंदाज स्त्रीला कमीपणाचे मानीत. इंग्लंडातही फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० मध्ये लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात शिक्षणशाळा उघडली, त्यापूर्वी हे काम हलकेच समजले जाई. आपल्या अमरावतीत तर १९४६ पासून शिवाजीराव पटवर्धनांच्या तपोवनात कुष्ठरोग्यांची सेवा चालत आली. गाडगेबाबा खराटा घेऊन याच मातीत फिरले. त्यांच्या तसबिरीला आपण हार घालतो आणि घरातली मुलगी रुग्णाचे मलमूत्र काढते हे सांगण्यास लाजतो. या विसंगतीचा विचार आपण केला पाहिजे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० हे वर्ष परिचारिका व सुईणींचे म्हणून जाहीर केले होते आणि त्याच वर्षी कोरोनाची साथ पसरली. २०२१ च्या फेब्रुवारीत अमरावती व अचलपूर येथे पुन्हा टाळेबंदी लागली, हे आपण विसरलेलो नाही. आप्तांनाही रुग्णाजवळ जाता येत नव्हते, तेव्हा उशाशी उभी होती ती परिचारिकाच. तेव्हा आपण टाळ्या वाजविल्या. परंतु स्थळे पाहू लागलो की "नर्स मुलगी नको, रात्रपाळी असते," हे वाक्य आपल्याच बैठकीत पुन्हा ऐकू येते. डॉक्टर सुनेलाही रात्रपाळी असते. ती मात्र आपणांस चालते!

म्हणून मंडळापुढे तीन नम्र सूचना ठेवतो. पहिली, परिचर्येच्या परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या मुलींची, आणि मुलांचीही, नावे गुणगौरवाच्या यादीत यावीत व या स्मरणिकेत छापली जावीत. दुसरी, वधूवर परिचयाच्या पुस्तिकेत "परिचारिका" हा शब्द स्पष्ट लिहावा. "मेडिकल क्षेत्र" असा आडपडदा नको. तिसरी, शिक्षण निधीतून गणवेश व पुस्तकांसाठी गरजू विद्यार्थ्यांस साहाय्य व्हावे. पालकांनीही एक पथ्य पाळावे. प्रवेशाची रक्कम भरण्यापूर्वी त्या संस्थेस परिचर्या शिक्षणाच्या नियामक संस्थांची मान्यता आहे की नाही, हे कागदावर पाहून घ्यावे; केवळ गोड बोलण्यावर विसंबू नये.

परवा बसस्थानकावर एका जुन्या स्नेह्यांनी पुतणीची चौकशी केली. आम्ही म्हणालो, "ती नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. सध्या मेळघाटात धारणीकडे गेली आहे, कोरकू मातांच्या बाळांची वजने घ्यायला." एवढे वाक्य बोलायला आम्हांस तीन वर्षे लागली. आपणां कोणास इतकी लागू नयेत, एवढीच प्रार्थना.