मुशीच्या पाठशाळेंत



‘मला शार्क माशांचा अभ्यास करावयाचा आहे, कोणतें पुस्तक वाचूं?’ असें एखाद्या तरुणानें विचारलें, तर दोन-चार नांवें सांगणें कठीण नाहीं. मीं स्वतः जन्मभर पुस्तकांवरूनच शिकविलें. तरीहि ह्या प्रश्नाचें उत्तर पुस्तकापाशीं संपत नाहीं. आपल्या किनाऱ्यावर ज्याला मुशी किंवा मोरी म्हणतात, त्या माशाचें रक्षण करावयाचें तर आधीं त्याची मोजदाद हवी. आणि मोजदाद शिकावयाची तर हात ओले करावे लागतात.

ह्याचा एक उत्तम दाखला बहामा बेटांत आहे. अमेरिकेंतील मायामी शहराच्या पूर्वेस सुमारें ८० किलोमीटरांवर बिमिनी नांवाचीं चिमुकलीं बेटें आहेत. तेथें प्राध्यापक सॅम्युअल ग्रूबर ह्यांनीं १९९० सालीं एक संशोधन-केंद्र स्थापिलें. ग्रूबर २०१९ मध्यें निवर्तले, पण केंद्राचें काम चालू आहे. देशोदेशींचे तरुण तेथें स्वयंसेवक म्हणून जातात. मोठ्या शार्कसंगें पोहण्याचें चित्र मनांत घेऊन कोणी गेला, तरी त्याला आधीं जाळीं आणि होड्या सांभाळाव्या लागतात.

तेथील खारफुटीच्या उथळ पाण्यांत ‘लेमन शार्क’ नांवाच्या पिवळसर माशाचीं पिलें वाढतात. १९९५ पासून दर उन्हाळ्यांत रात्रीं जाळीं लावून तीं पकडण्याचा क्रम आहे. अडकलेलें पिलूं दगावूं नये म्हणून दर पंधरा मिनिटांनीं जाळें तपासावयाचें. पिलाची लांबी मोजावयाची. पराचा कण आनुवंशिक परीक्षेसाठीं ठेवावयाचा. कातडीखालीं तांदळाच्या दाण्याएवढी क्रमांकाची कुपी बसवावयाची. ह्या जातीचीं पिलें आईच्या पोटांत नाळेवर पोसतात. म्हणून बेंबीची जखम ओली दिसली, कीं पिलूं नुकतेंच जन्मलें आहे हें कळतें.

ह्या कंटाळवाण्या कामाचें फळ काय? १९९३ ते १९९७ ह्या काळांत बिमिनींत जन्मलेल्या निदान सहा माद्या १४ ते १७ वर्षांनंतर प्रसूतीसाठीं त्याच पाण्यांत परतल्या, असें २०१३ मध्यें प्रसिद्ध झालें. माहेरची ही ओढ एका उन्हाळ्यांत कोणालाहि दिसली नसती. पुढें २००१ मध्यें विश्रामस्थळाच्या बांधकामासाठीं तेथील पिलांच्या पाण्याचा तळ उपसला गेला. आधींचीं टिपणें हातीं होतीं, म्हणूनच पहिल्या वर्षांत जगणाऱ्या पिलांचें प्रमाण घटल्याचें दाखवितां आलें. टिपणें नसतीं, तर त्या हानीला साक्षीदारच उरला नसता.

आपल्याकडे काय करतां येईल? भारतांत २००१ मध्यें देवमुशीला, म्हणजे व्हेल शार्कला, कायद्याचें संरक्षण मिळालें. गुजराथेंत तर कोळ्यांनीं स्वतःचीं जाळीं कापून असे मासे सोडले आहेत. पण इतर अनेक जातींच्या मुश्या रोज बाजारांत येतात. तेव्हां तरुणानें विमानाचें तिकीट काढण्यापूर्वीं पहाटे मालवणच्या किंवा मुंबईच्या ससून डॉकच्या धक्क्यावर जावें. कोळ्यांची परवानगी घ्यावी, त्यांच्या तोंडचीं नांवें शिकावीं, लांबी मोजावी, मागील परांपाशीं दोन लांबट दांडे असल्यास नर समजावा, आणि बेंबीची खूण पाहावी. ओल्या बेंबीचीं पिलें वारंवार आलीं, तर तीं कोठल्या पाण्यांतून आलीं हें त्याच कोळ्याला विचारावें. पिलांची जागा तोच दाखवूं शकेल, आणि ती राखावयाची झाली तर त्याच्यावांचून राखली जाणार नाहीं.

परदेशीं जावयाचेंच असेल, तर जरूर जावें. मात्र पैसे भरण्यापूर्वीं एक प्रश्न विचारावा : मीं घेतलेलें मोजमाप दहा वर्षांनीं कोणाच्या दप्तरीं असेल? उत्तर समाधानकारक मिळालें, तरच तेथें शिकण्यासारखें आहे. नाहीं तर तो केवळ महाग जलविहार समजावा.