होडी, पेट्रोल आणि न दिसणारी वाफ

भिलाईचे नाव घेतले की पोलाद आठवते. 1955 साली सोव्हिएत रशियाशी करार झाला, 1959 च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि भाताच्या खाचरांच्या या प्रदेशात एक नवे नगर उभे राहिले. या नगराच्या एका अंगाला ग्रेट ईस्टर्न रोडला लागून खुर्सीपार ही कामगारांची वस्ती आहे. तेलुगू, ओडिया, भोजपुरी, छत्तीसगढी आणि मराठी अशा नाना बोली एकाच गल्लीत ऐकू याव्यात, अशी ही वस्ती. आगीशी आणि वायूशी ज्यांचा रोजचा व्यवहार, अशा माणसांचे हे गाव. आणि तरीही एक पदार्थ असा आहे, की ज्याच्याशी वागताना भट्टीवर चाळीस वर्षे काढलेला मनुष्यही गाफील राहू शकतो. तो पदार्थ म्हणजे डब्यात भरून नेलेले पेट्रोल.

पेट्रोलचा डबा येथे येतो कोठून? येतो तो सहलीच्या हौसेतून. भिलाईच्या दक्षिणेस साठ-एक किलोमीटरांवर बालोदजवळ तांदुळा नदीवरचा, इंग्रजी अमदानीत बांधलेला जलाशय आहे. धमतरीजवळ महानदीवर गंगरेलचे धरण आहे. त्याच्या विस्तीर्ण जलाशयाला पंडित रविशंकर शुक्लांचे नाव दिलेले आहे. तेथे यांत्रिक होड्या धावतात. पाण्यावरून वारा येतो, होडीच्या मागे पांढरी रेघ उमटते, आणि आठवडाभर धूर व उष्मा सोसलेल्या माणसाला क्षणभर मोकळे वाटते. या आनंदात वावगे काहीच नाही. परंतु मोटारीला रस्त्याच्या कडेला पंप मिळतो, तसा होडीला पाण्याच्या कडेला सहसा मिळत नाही. मग पेट्रोल शहरात घ्यावयाचे, डब्यात भरावयाचे, गाडीतून न्यावयाचे, काठावर उतरवावयाचे आणि होडीच्या टाकीत ओतावयाचे, असा हा पाच पायऱ्यांचा प्रवास. या पाचही पायऱ्या साध्या दिसतात. म्हणूनच त्या जपून चढाव्या लागतात.

पेट्रोलचा स्वभाव प्रथम ध्यानी घेतला पाहिजे. पेट्रोल जळते असे आपण म्हणतो, ते खरे पाहता अर्धेच सत्य आहे. जळते ती त्याची वाफ. डिझेल किंवा रॉकेल यांची पेटण्याजोगी वाफ निर्माण व्हावयास त्यांना पुरेशी ऊब लागते. पेट्रोलचे तसे नाही. शून्याखाली चाळीस अंशांच्या कडाक्यातही ते पेटण्याइतकी वाफ सोडीत असते. मग वैशाखातल्या छत्तीसगढची गोष्टच नको. कोकणातील मच्छीमार डिझेलची पिंपे होडीत टाकून वर्षानुवर्षे समुद्रावर जातात, म्हणून तोच हिशेब पेट्रोललाही लावणे म्हणजे मांजरावरून वाघाची परीक्षा करणे होय.

ही वाफ हवेपेक्षा तिपटी-चौपटीने जड असते. धूर वर जातो, वाफ वर जाते, असे आपल्या डोळ्यांना वळण लागलेले आहे. पेट्रोलची वाफ मात्र खाली बसते, जमिनीवरून पाण्यासारखी सरपटत जाते, पायरीवरून उतरते, खळग्यात साचते. ती डोळ्यांना दिसत नाही. हवेत तिचे प्रमाण शेकडा दीड ते साडेसात यांच्या दरम्यान आले की एक ठिणगी पुरते. एक लिटर पेट्रोल पुरते उडून गेले तर दहा घनमीटरांहून अधिक हवा स्फोटक होऊ शकते. म्हणजे एक लहानशी स्वयंपाकाची खोली. खुर्सीपारच्या अरुंद घरात जिन्याखाली ठेवलेला, बूच सैल झालेला डबा आणि दोन खोल्या पलीकडे देवापुढे तेवणारी समई किंवा शेगडीची निळी ज्योत, यांच्यामधले अंतर डोळ्यांना दहा पावलांचे वाटते. वाफेला ते अंतरच नव्हे.

न दिसणारा वायू काय करू शकतो हे भिलाईला कोणी शिकवावयास नको. 2014 सालच्या जून महिन्यात कारखान्यातील पंपघराजवळ विषारी वायूची गळती झाली आणि सहा जण दगावले. तो वायू वेगळा, त्याचे मारणे वेगळे; परंतु धडा एकच. जे दिसत नाही त्याचा हिशेब नियमाने ठेवावा लागतो, नजरेने नव्हे. कारखान्यात हा नियम फलकावर लिहिलेला असतो आणि तो पाळला जातो की नाही हे पाहावयास मुकादम असतो. रविवारच्या सहलीला फलक नसतो आणि मुकादमही नसतो.

कायद्याने या बाबतीत फार पूर्वी विचार केलेला आहे. 1934 सालचा पेट्रोलियम अधिनियम आजही लागू आहे. विक्रीसाठी नसलेले पेट्रोल तीस लिटरांपर्यंत परवान्याशिवाय बाळगता येते. मात्र ते घट्ट बुचाच्या भांड्यात असले पाहिजे. भांडे काचेचे किंवा चिनी मातीचे असेल तर एका लिटराहून मोठे नसावे, आणि धातूचे असेल तर पंचवीस लिटरांहून मोठे नसावे. वाहन बाळगणाऱ्याला, आणि कायद्याच्या व्याख्येत वाहन या शब्दात पाण्यावरचे वाहनही येते, काही अधिक सवलत आहे. परंतु साठा तीस लिटरांवर गेला की तो राहत्या खोलीला न जोडलेल्या स्वतंत्र इमारतीत ठेवावा लागतो. ज्या संघटनेकडे या नियमांची अंमलबजावणी आहे, तिचे मुख्यालय नागपुरास आहे. खुर्सीपारच्या दारावरून जाणारा रस्ताच पुढे नागपूरला पोहोचतो. आगगाडीतून पेट्रोल नेणे हा तर गुन्हाच आहे. 1989 च्या रेल्वे अधिनियमात त्याला तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची शिक्षा आहे. पॉवर हाउस स्थानकावर पिशवीत डबा लपवून गाडीत चढणारा मनुष्य स्वतःची वेळ वाचवीत असतो आणि डब्यातल्या सर्व उतारूंचे प्राण पणाला लावीत असतो.

आता भरण्याची पहिली पायरी. पाण्याची रिकामी बाटली किंवा तेलाचा पातळ प्लास्टिकचा डबा पेट्रोलसाठी वापरू नये. पेट्रोलने असे प्लास्टिक मऊ पडते, शिवाय तहानलेल्या पोराला बाटलीत पाणी आहे की पेट्रोल हे काय कळणार? धातूचा, जाड पत्र्याचा, चाकीला रबराचे वेढे असलेला डबा घ्यावा. डबा गाडीत ठेवूनच भरण्याची घाई पुष्कळांना असते. ती घातक आहे. पेट्रोल नळीतून वाहताना त्यात विद्युत साचते; डबा गाडीतील रबरावर वा गालिच्यावर ठेवला असेल तर त्या विजेला जमिनीत उतरण्यास वाट मिळत नाही. हिवाळ्यात लोकरीचे कपडे काढताना जी चिटचिट ऐकू येते तीच ही वीज. आणि पेट्रोलची वाफ पेटविण्यास त्याहूनही क्षीण ठिणगी पुरते. म्हणून डबा जमिनीवर ठेवावा, नळीचे तोंड डब्याच्या काठाला टेकलेले राहू द्यावे आणि धार सावकाश सोडावी.

डबा काठोकाठ भरू नये, ही दुसरी गोष्ट. पेट्रोल उष्णतेने फुगते. दहा अंश तापले की शेकडा एक या मानाने वाढते. पहाटे भरलेला वीस लिटरांचा डबा दुपारपर्यंत वीस अंशांनी तापला तर आतील पेट्रोल चारशे मिलिलिटरांनी वाढते. त्याला जागा नसेल तर ते बूच शोधते. डब्याचा दहावा भाग मोकळा ठेवला की ही भीती राहत नाही. गाडीत डबा उभा, दोरीने आवळलेला आणि उन्हापासून झाकलेला असावा. माणसे बसतात त्या भागात तो नसावा, आणि काठावर पोहोचताच तो गाडीतून प्रथम उतरवावा.

काठावर आल्यावर खरी परीक्षा सुरू होते. येथे सर्वांना घाई असते. मुले होडीत बसलेली असतात, कोणी शिदोरी सोडलेली असते, कोणाच्या ओठात विडी असते. अशा वेळी होडी चालविणाऱ्याने कठोर झाले पाहिजे. इंजिन बंद, सर्व माणसे खाली, विडी, काडी, चूल दूर. होडीला मागे बाहेरच्या बाजूस इंजिन असेल तर तिची इंधनाची टाकी बहुधा सुटी असते. ती उचलून काठावर आणावी आणि जमिनीवर ठेवून भरावी. कारण होडीचा आकारच असा की तिला बूड असते पण त्याला भोक नसते. जमिनीवर सांडलेल्या पेट्रोलची वाफ वाऱ्याने पांगते. होडीत सांडलेल्याची वाफ तळाशी साचून राहते, जणू परडीत पाणी न राहता हंड्यात राहावे तशी. मग कोणी इंजिनाची दोरी ओढतो किंवा विजेची कळ दाबतो, आणि पुढचे सांगावयास नको.

ज्या होडीचे इंजिन आत बसविलेले असते, तिची टाकी हलविता येत नाही. तेथे नरसाळे किंवा नळी वापरावी लागते. भरताना होडीची दारे-झडपा मिटाव्या, म्हणजे वाफ आत उतरणार नाही. भरून झाल्यावर त्या उघडाव्या आणि तळातील हवा बाहेर काढणारा पंखा निदान चार मिनिटे चालवावा. त्यानंतर नाकाने तळाचा वास घ्यावा. पेट्रोलचा वास येतो आहे तोवर कळ दाबू नये. चार मिनिटे हा फार थोडा काळ आहे. परंतु होडीतील स्फोटांचा इतिहास बहुतांशी या चार मिनिटांच्या कंटाळ्याचा इतिहास आहे.

नळीने पेट्रोल काढताना ते तोंडाने ओढण्याची जी चाल आपल्याकडे सर्रास दिसते, तिच्याविषयीही दोन शब्द सांगणे अवश्य आहे. गिळलेल्या पेट्रोलपेक्षा श्वासाबरोबर फुप्फुसात गेलेले चार थेंब अधिक भयंकर असतात. त्यांनी फुप्फुसाचा दाह होतो. चुकून घोट गेलाच तर ओकारी करवू नये, कारण परत येताना तेच पेट्रोल श्वासनलिकेत शिरते. सरळ दवाखाना गाठावा. बाजारात हाताने दाबावयाचा रबरी फुगा असलेली नळी मिळते. तोंडाचे काम तिला करू द्यावे.

आणखी एक नवी गोष्ट जुन्या जाणत्यांनाही ठाऊक करून घेतली पाहिजे. आपल्या पेट्रोलमध्ये आता इथेनॉल मिसळलेले असते. 2025 सालापर्यंत हे प्रमाण शेकडा वीसपर्यंत पोहोचले. इथेनॉल पाणी शोषून घेते, आणि पाण्यावरच्या दमट हवेत होडीची टाकी असतेच. प्रमाणाबाहेर पाणी शोषले गेले की पाणी व इथेनॉल एकत्र होऊन तळाशी बसतात आणि इंजिन ऐन जलाशयाच्या मध्यात बंद पडते. म्हणून पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी पेट्रोल टाकीत किंवा घरातल्या डब्यात साठवून ठेवू नये. लागेल तेवढेच आणावे, आणलेले संपवावे. घरात साठा नसणे हीच सर्वांत स्वस्त सुरक्षितता.

पेट्रोल पेटलेच तर त्यावर पाणी ओतू नये. पेट्रोल पाण्यावर तरंगते. पाणी ओतल्याने आग विझत नाही, पसरते. होडीत कोरड्या भुकटीचे अग्निशामक नळकांडे हाताशी असावे आणि ते कसे चालवावयाचे हे निदान दोघांना ठाऊक असावे. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टाइकिन जहाजाचा स्फोट झाला आणि सहासष्ट अग्निशामक जवान प्राणास मुकले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी त्या दिवसापासून अग्निशमन सप्ताह पाळला जातो. सहलींचा हंगाम नेमका तेव्हाच भरात असतो. त्या सप्ताहात प्रत्येक होडीवाल्याने आपला डबा, नळी आणि नळकांडे एकदा तपासून पाहावे. हुतात्म्यांचे स्मरण फुलांपेक्षा अशाने अधिक चांगले होईल.

राहिली गोष्ट पाण्याची. गंगरेलचे पाणी महानदीच्या खोऱ्यातील शेतीला मिळते, आणि तेच भिलाईच्या कारखान्यालाही पुरविले जाते. होडीत सांडलेला पेट्रोलचा पेलाभर अंश पाण्यावर इंद्रधनुष्याचे रंग घेऊन पसरतो. मुलांना तो सुंदर वाटतो. परंतु त्या रंगाखाली मासे श्वास घेत असतात आणि काठावरच्या गावाची घागर त्याच पाण्यात बुडत असते. सांडलेले पेट्रोल साबण टाकून नाहीसे करणे म्हणजे ते खाली दडवणे होय. जुन्या कापडाने किंवा शोषणाऱ्या गादीने ते टिपून घ्यावे, आणि ते कापड होडीत न ठेवता झाकणाच्या धातूच्या डब्यात परत न्यावे.

श्रोतेहो, खुर्सीपारचा कामगार आठवडाभर इतरांनी घालून दिलेल्या नियमांनी वागतो. सहलीच्या दिवशी त्याला मोकळे व्हावेसे वाटते, आणि ते योग्यच आहे. मात्र होडी काठावरून सुटेपर्यंत त्याने आपला मुकादम आपणच व्हावे. डबा जमिनीवर, माणसे काठावर, आग दूर आणि चार मिनिटांचा धीर, एवढे पाळले की मग वारा आहे, पाणी आहे आणि सारा दिवस आपला आहे.