धानाच्या बांधीतील पाणी : नळी, गाळ आणि राख

(साकोली तालुक्यातील एका गावी, माजी मालगुजारी तलावाच्या पाळीवर, रोवणीपूर्वी शेतकऱ्यांसमोर केलेले भाषण)



आपण बसलो आहोत ती पाळ आपल्या पूर्वजांनी, विशेषतः कोहळी समाजाच्या जाणकार मंडळींनी, बांधलेली आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत असे सुमारे ७ हजार तलाव आहेत. मालगुजारी संपविणारा कायदा १९५० मध्ये झाला, १९५१ पासून तो लागू झाला आणि तलाव सरकारकडे गेले. निस्ताराचा हक्क गावाकडे राहिला, पण पाळीवरची झुडपे काढणे, तुडुमाची दुरुस्ती, सांडव्याची राखण ही कामे कोणाची, हे मात्र सैल झाले. त्याचे परिणाम आपण सर्व भोगतो आहोत.

आपल्याकडे वर्षाला १३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पश्चिम महाराष्ट्रातील दुष्काळी पट्ट्यातील शेतकऱ्याला हा आकडा सांगितला तर तो हसेल आणि म्हणेल, तुम्हाला कसली पाण्याची चिंता? चिंता आहे ती पाऊस उघडतो तेव्हाची. सप्टेंबरच्या अखेरीस, धान निसवण्याच्या वेळी, पंधरा-वीस दिवस आभाळ कोरडे राहिले की तुडुमाजवळच्या बांध्या भरलेल्या असतात आणि टोकाच्या बांध्यांना भेगा पडतात. मग रात्री धुरे फुटतात, सकाळी भांडणे होतात. ही गोष्ट तुम्हाला मी सांगायला नको.

पहिला मुद्दा हाच, की धानाला कायम पाणी उभे लागते हा समज पूर्ण खरा नाही. उभ्या पाण्याने तण दबते, रोवणी सोपी होते, हे खरे. पण रोप स्थिरावल्यावर मुळांना ओलावा मिळाला तरी पुरे होते. फिलिपाईन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने यासाठी एक अगदी साधे साधन सुचविले. ही माझ्या हातातील नळी पहा. लांबी ३० सें.मी., रुंदी सुमारे १५ सें.मी. खालच्या अर्ध्या भागाला चोहोबाजूंनी भोके पाडलेली आहेत. ही बांधीत अशी रोवायची की १५ सें.मी. जमिनीखाली जाईल आणि १५ सें.मी. वर राहील. आतील चिखल हाताने काढून टाकायचा. बांधी भरलेली असताना नळीतील आणि बाहेरील पाणी एकाच पातळीला दिसले पाहिजे. नसेल तर भोके बुजली आहेत असे समजावे. नळी धुऱ्याजवळ, पण सपाट जागी रोवावी, उंचवट्यावर रोवू नये.

रोवणीनंतर साधारण दोन आठवडे पाणी राहू द्यावे, म्हणजे तण दबेल. त्यानंतर पाणी आटू द्यावे. वरून बांधी कोरडी दिसली तरी घाबरू नये, नळीत डोकावून पहावे. पाणी जमिनीखाली १५ सें.मी. गेले म्हणजे पुन्हा ५ सें.मी. उभे राहील इतके द्यावे. बरडी किंवा खरडी जमीन असेल तर पहिल्या वर्षी १० सें.मी. वरच पाणी द्या, असे माझे मत आहे. अंदाज आला की मग पुढे जा. या पद्धतीने ३० टक्क्यांपर्यंत पाणी वाचू शकते आणि उत्पन्न घटत नाही. उभ्या पाण्याखालील चिखलातून मिथेन वायू निघतो, तोही कमी होतो. तो फायदा जगाचा, आपला फायदा पाण्याचा.

पण एक पथ्य मोडू नका. निसवण्याच्या आधी एक आठवडा आणि नंतर एक आठवडा बांधीत ५ सें.मी. पाणी राहिलेच पाहिजे. मी स्वतः माझ्या घरच्या शेतात पहिल्या वर्षी उत्साहाच्या भरात याच वेळी पाणी तोडले. लोंब्या उभ्या राहिल्या, पण निम्म्या पोचट. वडील काही बोलले नाहीत. मळणीच्या दिवशी एक मूठ धान माझ्या हातावर ठेवले, एवढेच.

हिशेब साधा आहे. एक एकरात ५ सें.मी. पाणी म्हणजे सुमारे २ लाख लिटर. दहा एकरांत दोन पाळ्या वाचल्या तर ४० लाख लिटर पाणी तलावात राहते. आता खरी अडचण सांगतो. आपल्याकडे पाणी एका बांधीतून दुसऱ्या बांधीत जाते. वरच्याने पाणी घेणे थांबविले आणि मधल्याने ते पूर्ण ओढले, तर टोकाच्याला काय मिळाले? म्हणून ही नळी एकट्याने लावून फारसे साधत नाही. तुडुम कोणत्या दिवशी उघडायचे हे नळी पाहून सर्वांनी मिळून ठरवावे लागेल. उन्हाळी धानाला पंपाने पाणी देणारे मात्र एकट्यानेही हे करू शकतात. त्यांना विनंती, की पंपावरील ऑटो स्विच काढा. रात्री वीज आली की तो पंप सुरू होतो आणि सकाळपर्यंत पाणी धुऱ्यावरून वाहते. मोबाईलवरून पंप बंद करण्याचे यंत्र आता मिळते. ते घ्यायचे असेल तर घ्या, पण आधी नळी रोवा. किती पाणी द्यायचे हे ठाऊक नसेल तर यंत्र काय बंद करणार?

पाणी असे कमी-जास्त झाले की फेकून दिलेला युरिया जास्त वाया जातो. वरखत द्यायचे तर आटलेल्या बांधीत देऊन लगेच पाणी सोडावे. त्याहून बरी डॉ. नारायण सावंत यांची चारसूत्री पद्धत. १५ आणि २५ सें.मी. असे आलटूनपालटून अंतर ठेवून रोवणी करावी, आणि त्याच दिवशी चार चुडांच्या मध्ये युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची एक गोळी ७ ते १० सें.मी. खोल दाबावी. हेक्टरी ६२,५०० गोळ्या, म्हणजे सुमारे १७० किलो. हात दुखतात, मजुरी लागते, हे मान्य. म्हणून प्रथम एकाच बांधीत करून पहा.

उरलेली सूत्रे तर घरचीच आहेत. तुमसरच्या बाजूला धान गिरण्या आहेत, त्यांच्या तुसाची काळी राख पऱ्ह्याच्या वाफ्यात चौरस मीटरला अर्धा ते एक किलो मिसळावी. तुसात सिलिका असते, ती रोपाला काटकपणा देते. तीच सिलिका तणसातही असते, आणि आपण ते जाळतो! तणस हेक्टरी २ टन जमिनीत गाडावे, धुऱ्यावर गिरिपुष्प लावून त्याचा हेक्टरी ३ टन हिरवा पाला चिखलणीच्या वेळी तुडवावा.

गाळाबद्दल थोडेच. उन्हाळ्यात निघणारा तलावाचा गाळ बरडी जमिनीला फार उपयोगी आहे. २०१७ पासून शासनाची गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजनाही आहे. परंतु यंत्र लावून तळ सरसकट खरवडू नये, पाळीच्या पायथ्याला तर हात लावूच नये. तळातील देशी पाणवनस्पतींवर मासे जगतात आणि माशांवर आपले ढिवर बांधव. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवरांना सोबत घेऊन तलावांत या वनस्पती पुन्हा लावल्या आहेत. मात्र बेशरम मुळासकट काढावी.

मी तीन नळ्या आणल्या आहेत. एक तुडुमाजवळच्या बांधीत, एक मधल्या आणि एक टोकाच्या बांधीत रोवू. पहिल्या दोन कोणाच्या बांधीत रोवायच्या ते तुम्ही ठरवा. टोकाच्या बांधीतील नळीत रोज कोण पाहणार आणि त्याचे म्हणणे वरचे ऐकणार का, हे आज इथेच बोलून घेऊ.